रामेन नूडलच्या कारखान्यात नवे आहात? मिक्सर चालू असताना पाणी घालू नका

जपानला कामाला जायचा व्हिसा, जपानी भाषेची एन-४ पातळीची परीक्षा, अन्नप्रक्रियेची कौशल्य परीक्षा हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. इथे फक्त 'सेईमेन्जो'तल्या कामाबद्दल लिहितोय, म्हणजे रामेनच्या दुकानांना ताज्या नूडल पुरवणाऱ्या, बहुतेकदा एकाच कुटुंबाच्या मालकीच्या कारखान्याबद्दल. घरचा धंदा म्हणून काम हलकं असेल असं समजू नका. काम पहाटे सुरू होतं, कारण दुकानं उघडायच्या आत माल पोचायला हवा.

मध्यम पाण्याच्या नूडलचा ढोबळ हिशोब असा: २५ किलोची पिठाची एक गोणी, पाणी ३५ टक्के म्हणजे ८.७५ किलो, कान्सुई १.२ टक्के म्हणजे ३०० ग्रॅम, मीठ १ टक्का म्हणजे २५० ग्रॅम. सगळे टक्के पिठाच्या वजनावर काढायचे. कान्सुई म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं मिश्रण, आपल्या पापडखारासारखंच क्षारी. नूडलचा पिवळसर रंग आणि चिवटपणा त्यामुळे येतो. पावडर ढवळत्या पाण्यात थोडी थोडी सोडा. पावडरीवर पाणी ओतलंत तर तळाला दगडासारखी ढेप बसते. हातमोजे आणि चष्मा घाला, डोळ्यात गेली तर इजा होते.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी विचारून घ्या: तुमच्या कारखान्यात '३५ टक्के' म्हणजे नुसतं पाणी, की मीठ-कान्सुई विरघळलेलं पाणी? वरच्या हिशोबात मीठ आणि कान्सुई मिळून ५५० ग्रॅम होतात, म्हणजे पिठाच्या २.२ टक्के. एवढ्या फरकाने नूडलची जातच बदलते. जपानमधल्या हाकाता भागातल्या बारीक सरळ नूडलचं पाणी ३० टक्क्यांच्याही खाली जातं, किताकाता गावाच्या रुंद, लाटदार नूडलचं ४०च्या आसपास किंवा वर.

आता खरा सापळा. तो नीट समजावून घ्या, कारण नवा माणूस यातच अडकतो.

पाणी घालून तीन-चार मिनिटं झाली की मिक्सरमध्ये कोरडा, पांढरट भुगा दिसतो. चपातीची कणीक मळलेल्या हाताला वाटतं, पाणी कमी पडलं. मग माणूस अर्धा लिटर ओततो. अर्धा लिटर म्हणजे २५ किलोला २ टक्के! मुळात हा गोळा होणारच नसतो. रामेनचं पीठ मिक्सरमधून सुट्या, ओलसर कणांच्या रूपातच बाहेर पडायला हवं. पिठाला पाणी आतपर्यंत शोषायला वेळ लागतो. साधारण १० ते १५ मिनिटांचं मिश्रण पूर्ण झाल्यावर मूठ दाबून पाहा. कण एकमेकांना चिकटले आणि बोटाने ढकलल्यावर सुटले, तर पाणी बरोबर आहे.

उशिरा घातलेलं पाणी आत जात नाही. आधीच ओल्या झालेल्या कणांच्या बाहेरच ते बसतं, त्यांच्या मोठ्या गुठळ्या होतात आणि कोरडे कण कोरडेच राहतात. रोलरमधून पट्टी निघते तेव्हा तिच्यावर चकचकीत ओले डाग आणि पांढरे चट्टे शेजारी शेजारी दिसतात. ओला भाग कापणीच्या पात्याच्या खाचांत अडकतो, दोन-दोन धागे जोडून बाहेर येतात. पांढरा भाग कडेने फाटतो. समजा हे सगळं निभावलं, तरी दुकानात घोळ होतोच. तिथला आचारी सेकंद मोजून उकळतो आणि त्याच वाटीत काही धागे मऊ, काही कच्चे निघतात.

म्हणून चालू घाण्यात, म्हणजे मिक्सरमध्ये आत्ता असलेल्या मिश्रणात, पाण्याला हात लावायचा नाही. फरक करायचाच तर पुढच्या घाण्यात, तोही अर्ध्या टक्क्याने: २५ किलोला १२५ ग्रॅम. आणि शाचोंना, म्हणजे कारखान्याच्या प्रमुखांना, विचारून. एखादा घाणा कोरडा निघाला तर घाबरू नका. दोन पट्ट्या एकत्र करून लाटल्या आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून अर्धा-एक तास ठेवल्या की ओलावा बराच समान होतो. ओला घाणा मात्र सावरणं फार कठीण.

पट्टी गुंडाळून ठेवायचा हा विश्रांतीचा वेळ कापणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. व्हॅक्यूम मिक्सर (हवा काढून मिसळणारा) असला तरी हा वेळ द्या. त्यानंतर लाटताना एका फेरीत जाडी ढोबळमानाने एक तृतीयांशापेक्षा जास्त कमी करू नका, ग्लूटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) तुटतं.

उन्हाळ्यात पाणी फ्रिजमधलं घ्या. मिश्रण २५ अंशांच्या आसपास राहावं. ३०च्या वर गेलं की चिकटतं आणि नूडल लवकर काळपट पडतात.

पात्याचा नंबर म्हणजे ३० मिलिमीटर रुंदीत किती धागे. २० नंबर म्हणजे दीड मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, २६ म्हणजे साधारण १.१५. धाग्याची जाडी रोलरच्या फटीवर ठरते, पात्यावर नाही. पाती ब्रशने कोरडीच साफ करतात. पाणी लागलं की गंज आणि उरलेल्या पिठाची खळ.

"हाताने शिक" असं सांगणारे ज्येष्ठ भेटतील. त्यांचा हात खरोखर अचूक असतो, त्याचा मान ठेवा. पण त्यांनी आज किती पाणी घातलं, खोलीचं तापमान किती, पिठाचा लॉट कोणता, हे तुम्ही वहीत लिहीत जा. आकडे न सांगणाऱ्या गुरूपेक्षा तराजू जास्त शिकवतो असं माझं ठाम मत आहे. २०२१च्या जूनपासून जपानमध्ये अन्नव्यवसायांना हॅसॅप या अन्नसुरक्षेच्या पद्धतीनुसार नोंदी ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे वही काढल्याबद्दल कोणी नाक मुरडणार नाही.

रोलर चालू असताना अडकलेलं पीठ बोटाने काढू नका, कधीच नाही. मशीन बंद, मगच हात. आणि त्याच जागेत सोबा (कुट्टूच्या पिठाच्या नूडल) बनत असेल तर त्याचं पीठ, ब्रश, क्रेट सगळं वेगळं ठेवा. सोबाच्या ॲलर्जीने जीव जाऊ शकतो, आणि पाकिटावर त्याचा उल्लेख कायद्याने सक्तीचा आहे. कोणता क्रेट कशाचा हे कळलं नाही, तर तो वापरण्याआधी विचारा. दिवसातून दहा वेळा विचारलंत तरी चालेल.