पटकीचा जंतू आतड्यात काय करतो आणि घरी जलसंजीवनी कशी करावी

पटकी, म्हणजेच कॉलरा, झालेल्या माणसाचे जुलाब वाढू लागले की पुष्कळ घरांत प्रथम त्याचे पाणी तोडले जाते, कारण प्यायलेले सगळे बाहेरच पडते अशी समजूत असते. ही समजूत घातक का आहे, हे जंतूची कार्यपद्धती पाहिल्यावर ध्यानात येते.

व्हिब्रिओ कॉलरी हा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो. त्यातले बहुतेक जंतू जठरातील आम्लात मरतात. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या नित्य घेणाऱ्यांना मात्र थोडे जंतूही बाधू शकतात. वाचलेले जंतू लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतात, पण पेशींत शिरत नाहीत. ते केवळ एक विष सोडतात, आणि या विषाचा पुरावा कोलकात्याचे संशोधक डॉक्टर शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावरील प्रयोगांतून दिला. हे विष पेशीतील एक प्रथिन चालू अवस्थेत अडकवून ठेवते, त्यामुळे सायक्लिक एएमपी हा पेशीतील निरोप पोहोचवणारा रेणू वाढत जातो, क्लोराइडच्या वाटा उघड्या राहतात आणि क्लोराइडपाठोपाठ सोडियम व पाणी आतड्यात ओतले जाते. म्हणूनच जुलाब तांदळाच्या धुवणासारखे दिसतात, आणि तीव्र रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते.

तथापि ग्लुकोज (साखरेतला घटक) आणि सोडियम (मिठातला घटक) यांना जोडीने, आणि त्यांच्यामागे पाण्याला, आत घेणारी वाट या विषाने बंद होत नाही. साखर-मिठाच्या पाण्याचा, म्हणजेच जलसंजीवनीचा, सगळा आधार हाच आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेश युद्धातील निर्वासितांवर उपचार करताना डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी याच द्रावणाने मृत्यूचे प्रमाण कितीतरी खाली आणले.

औषधाच्या दुकानातील ओआरएसची, म्हणजे तयार जलसंजीवनीची, पुडी सर्वांत चांगली, कारण तिच्यात पोटॅशियमही असते. पुडीवर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी. पुडी नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. आपल्याकडे सरबताच्या सवयीने साखर सढळ हाताने पडते; येथे ते करू नये, कारण जास्त साखर आतड्यात आणखी पाणी ओढते. मीठ वाढले तर तेही धोक्याचे असते, म्हणून चव अश्रूंपेक्षा खारट लागल्यास द्रावण टाकून नवे करावे. चोवीस तासांनंतर उरलेले वापरू नये.

दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर आणि मोठ्यांना हवे तितके द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये. जुलाब थोपवणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

डोळे खोल गेले, लघवी थांबली, त्वचेची चिमटीत धरलेली घडी लवकर सपाट होईना किंवा रुग्णाला गुंगी आली, तर शिरेतून सलाइन लागते. तेव्हा १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णालय गाठावे आणि वाटेतही, रुग्ण शुद्धीवर असेल तोवर, घोट देत राहावे.

पुण्यात पावसाळ्यात नळाला गढूळ किंवा वास येणारे पाणी आले, अथवा सोसायटीच्या टाकीत टँकरचे पाणी पडले, तर पिण्याचे पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळावे, आणि ते माठातून काढताना हात न बुडवता ओगराळे वापरावे.