मूल आणि जनावर असलेला शंभर वर्षांपूर्वीचा फोटो कसा स्कॅन करायचा, कसा वाचायचा

वाड्याच्या माळ्यावरच्या ट्रंकेत 1900 ते 1930 च्या काळातले असे फोटो निघतात: जरीच्या टोपीतला पोरगा आणि शेजारी वासरू, शेळी नाहीतर कुत्रा. घरोघरी पोराचा चेहरा तेवढा मोठा करून घेतात आणि जनावर कातरीत जातं. फोटोचा ठावठिकाणा सांगणारा साक्षीदार बरेचदा तेच असतं.

हे काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, त्यावर बोटांचे ठसे उमटतात. नाशकात डिसेंबर ते फेब्रुवारी बरा.

आधी फ्रेम बघा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वाफही देऊ नका; थर काचेवरच राहतो आणि चेहरा जातो. काचेसकट, फ्लॅश बंद ठेवून, काचेत प्रतिबिंब पडू नये म्हणून समोर काळं कापड धरून फोटो काढा. सुटा असेल तर मऊ ब्रशने धूळ झटका, एवढंच. गडद भागावरची निळसर चंदेरी झाक म्हणजे घाण नव्हे, फोटोतली चांदीच वर आलेली असते. ती पुसायची नाही.

स्कॅन रंगीत करा आणि टिफ (TIFF) प्रकारची फाइल ठेवा. साडेचार बाय साडेसहा इंची पुठ्ठ्यावरच्या कॅबिनेट फोटोला 600 डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) पुरतं, चार इंचांहून लहानाला 1200 लावा. पुठ्ठ्याची कड आणि मागची बाजू सोडू नका. कडेला कुणाच्या तरी हातात दावं असतं. तो हात गड्याचा की आजोबांचा, हे बाहीवरून कळू शकतं.

मागे मोडीत मजकूर आणि शके असेल तर इसवी सन काढायला त्यात 78 मिळवा. पौषानंतरच्या तिथीला 79. शके 1835 आणि बैलाच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल, म्हणजे पोळा, म्हणजे 1913 चा ऑगस्टअखेर. गाय-वासराची पूजा मांडलेली असेल तर वसुबारस, दिवाळीच्या तोंडावर.

आता जनावर. अंगावर काळेपांढरे ठिपके असलेला मध्यम बांध्याचा बैल डांगी असू शकतो. इगतपुरीच्या पावसाला टिकणारी ही जात. पाठीमागे वळलेली लांब शिंगं खिल्लाराची. पण रंगावर भरवसा नको. त्या काळी फोटो ज्या काचेच्या प्लेटांवर घेत, त्यातल्या बहुतेकांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे तांबडी गाय काळी उमटे. मुलीचं कुंकू आणि गालबोट दोन्ही सारखीच काळी दिसतात ती यामुळेच.

शेपूट किंवा कान पुसट असेल तर तो डाग नाही. शटर उघडं असताना जनावर हललं. असे फोटो ‘सुधारणाऱ्या’ ॲपना देऊ नका, ती नसलेला कान काढून देतात. मूळ प्रत तशीच राहू द्या.

नावं मागच्या बाजूला 4बी पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो. लॅमिनेशन, सेलोटेप, डांबरगोळ्या नकोत. प्रत्येक फोटो आम्लमुक्त कागदात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवा. नाशकात सराफ बाजाराच्या बाजूचं घर असेल तर कपाट वरच्या मजल्यावर: 2008, 2016 आणि 2019 ला गोदावरी त्या गल्ल्यांत शिरली होती.