पेशंटवर लिहायचंय? नाव खोडून भागत नाही

डॉक्टरांनी पेशंटबद्दल जाहीर लिहावं का, हा वाद मिटणारा नाही. कुणी म्हणतं, तपासणीच्या खोलीतलं तिथेच राहावं. कुणी म्हणतं, आजार कसा चकवतो हे लोकांना मग कळणार कुठून? लिहायचं ठरलंच असेल, तर निदान नीट लिहावं.

२०११ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात इमर्जन्सीच्या एका डॉक्टरवर वैद्यकीय मंडळाने ठपका ठेवला. फेसबुकवरच्या मजकुरात पेशंटचं नाव नव्हतं. दुखापतच अशी होती की तिऱ्हाइतांनी माणूस ओळखला. नावापेक्षा तपशील जास्त बोलके असतात, ते असे.

हा मजकूर बघा: ‘मंगळवारी सकाळी ३४ वर्षांच्या संगीतशिक्षिका आल्या. जुळ्या मुलींच्या आई. शाळेच्या रंगमंचावरून पडल्या होत्या. एक्स-रे स्वच्छ होता. बारा दिवसांनी पुन्हा काढला तेव्हा मनगटातल्या स्कॅफॉइड या लहान हाडाला चीर दिसली.’

यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी निरुपद्रवी आहे. पण संगीतशिक्षिका, जुळ्या मुली आणि रंगमंच एकत्र आले की शाळेतल्या शिपायालाही कळेल कोण ते. आता धडा काय आहे ते शोधा: पहिल्या एक्स-रेत स्कॅफॉइडचं फ्रॅक्चर दिसेलच असं नाही, अंगठ्याच्या बुडाशी दाबल्यावर दुखत असेल तर हात प्लास्टरमध्ये ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. या धड्याला लागेल तेवढंच ठेवायचं: ‘तिशीतल्या एक बाई हातावर पडून आल्या. अंगठ्याच्या बुडाशी दाबलं की कळ येत होती, एक्स-रे मात्र स्वच्छ. दोन आठवड्यांच्या आत पुन्हा काढला, तेव्हा स्कॅफॉइडची चीर दिसली.’ वार गेला, दोन तपासण्यांमधलं अंतर राहिलं. वय ढोबळ झालं, पण तिशी राहिली, कारण हे हाड बहुधा तरुणांचंच मोडतं.

तपशील बदलण्यापेक्षा गाळावेत. बाईचा पुरुष केला, साठीचा चाळिशीत आणला, की वैद्यकीय अर्थच बिघडू शकतो आणि वाचणारा डॉक्टर चुकीचं शिकतो. बदलणं भागच असेल तर बदल केल्याचं मजकुरातच सांगून टाका.

काय गाळायचं याला पेशंटची माहिती गुप्त ठेवण्यासाठीच्या अमेरिकेच्या हिपा कायद्याच्या नियमांतली १८ बाबींची यादी चांगली धरता येते. तिच्यात वर्ष सोडून सगळ्या तारखा जातात, राज्यापेक्षा लहान ठिकाणं जवळजवळ सगळी जातात, आणि ८९च्या पुढचं वय ‘९० किंवा अधिक’ असं लिहावं लागतं. पण ही यादी किमान आहे. दुर्मीळ आजार किंवा बातमीत आलेला अपघात तिच्यातून सहज निसटतो.

फोटोंमध्ये सगळ्यात जास्त गफलत होते. डोळ्यांवर काळी पट्टी मारून चेहरा लपत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही ती अपुरीच मानते. गोंदण, अंगठी, जुना व्रण, मागच्या भिंतीवरचा फलक हे सगळं तपासा. मोबाइलच्या फोटोत वेळ आणि बऱ्याचदा जागाही नोंदलेली असते, ती पुसा. फाइलचं नाव बदला. पेशंटच्या नावानेच सेव्ह केलेली एक्स-रेची फाइल तशीच चढते. स्कॅनची मशीनमधून निघालेली मूळ फाइल, म्हणजे डायकॉम फाइल, कधीच थेट देऊ नका, तिच्या पोटात नाव, नंबर, जन्मतारीख असते. कोपऱ्यात छापलेलं नाव तर चित्राचाच भाग असतं, ते कापावंच लागतं. रिपोर्टच्या पीडीएफवर काळा चौकोन ओढला तरी खालची अक्षरं कॉपी होऊ शकतात. आणि डोक्याच्या सीटी-एमआरआयच्या चकत्यांचा पूर्ण संच हाती लागला तर त्यातून चेहरा उभा करता येतो. एखाद-दुसरी चकती पुरे.

आता संमती. उपचाराच्या किंवा शस्त्रक्रियेच्या फॉर्मवरची सही इथे चालत नाही. संमती वेगळी, लेखी, आणि पूर्ण मजकूर व फोटो दाखवून घ्यायची. ‘तुमच्या केसवर काहीतरी लिहितोय’ एवढ्यावर मिळालेला होकार म्हणजे संमती नव्हे. कुठे येणार, नेटवर गेलेलं पूर्णपणे परत घेता येत नाही, आणि नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही, हे तिन्ही स्पष्ट सांगा. खाटेवर पडलेला माणूस डॉक्टरला सहसा नाही म्हणत नाही. म्हणून उपचार संपल्यावर विचारावं, आणि जमलं तर विचारणारा दुसराच कुणी असावा. मूल असेल तर आईवडिलांबरोबर, समजत्या वयाच्या मुलालाही विचारा. पेशंट गेला म्हणून गुपित मोकळं होत नाही. डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय शपथेत, म्हणजे जिनिव्हा जाहीरनाम्यात, हे स्पष्ट आहे. तिथे कुटुंबाशी बोला.

टोपणनावाच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. २००७ साली बॉस्टनमध्ये एक बालरोगतज्ज्ञ स्वतःवरच्या खटल्याबद्दल टोपणनावाने लिहीत होते. ते कोर्टातच उघड झालं आणि खटला तडजोडीवर आला.

लिहून झालं की काही आठवडे ठेवून द्या. चिडून किंवा हशा मिळवायला घातलेलं वाक्य तेवढ्यात स्वतःलाच खटकू लागतं. मग पेशंटच्या शेजाऱ्याच्या नजरेने वाचा. शेवटी मजकुरातले सगळ्यात वेगळे तीन शब्द सर्चमध्ये टाका. एखादी बातमी वर आली, तर ते तीन शब्द काढा. ते काढल्यावर काही उरतच नसेल तर लेख छापू नका.