या चुका टाळा : राज्यसंस्था, राजवट, सरकार आणि नागरिकत्व

तुलनात्मक राजकारणाच्या पेपरात व्याख्या बहुतेकांची बरोबर असते. मार्क जातात ते उदाहरणात. सेट-नेट असो, एम.ए. असो की स्पर्धा परीक्षा, चुका त्याच त्या असतात आणि त्यांचं मूळही एकच असतं : राज्यसंस्था, राजवट आणि सरकार या तीन पातळ्यांची सरमिसळ. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला या बाबतीत एक सोय आहे. हैदराबाद संस्थानाचा १९४७ ते १९५६ हा काळ नीट मांडता आला, की या पातळ्या आपोआप सुट्या होतात.

‘सत्तांतर झालं, म्हणजे राजवट बदलली’

सरकार म्हणजे आत्ता खुर्चीवर कोण. राजवट म्हणजे त्या खुर्चीवर बसायचे आणि उठायचे नियम. राज्यसंस्था म्हणजे ती खुर्ची ज्या यंत्रणेची आहे ती : फौज, पोलीस, महसूल, न्यायालयं, सरहद्द. १९७७ मध्ये मोरारजी देसाई पंतप्रधान झाले, तेव्हा सरकार बदललं. (आणीबाणीत राजवटच बदलली होती का, हा वेगळा प्रश्न, वाचन असेल तर त्यावर जरूर लिहा.) इराणमध्ये १९७९ साली राजवट बदलली, राजेशाही जाऊन इस्लामी प्रजासत्ताक आलं, पण इराण नावाची राज्यसंस्था टिकली. सोमालियात १९९१ मध्ये सियाद बार्रेची राजवट कोसळली आणि तिच्यासोबत राज्यसंस्थाही. ही तीन उदाहरणं एकाच परिच्छेदात ‘क्रांती’ म्हणून कोंबली, की उत्तर गेलंच.

‘१७ सप्टेंबर १९४८ ला सगळं बदललं’

त्या दिवशी निजामाचं हैदराबाद संस्थान भारताच्या ताब्यात आलं. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात हे वाक्य चालतं, उत्तरपत्रिकेत चालत नाही. त्या दिवशी नेमकं काय बदललं, ते पातळीनुसार लिहा.

आधी राज्यसंस्था. हैदराबादकडे भूभाग होता, लोकसंख्या होती, शासन होतं, स्वतःचं चलन आणि टपाल होतं. राज्यसंस्था कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ कराराच्या चार निकषांपैकी तीन इथेच भागतात. घोडं अडतं ते चौथ्यापाशी, म्हणजे इतर देशांशी संबंध ठेवण्याच्या क्षमतेपाशी. ब्रिटिशांच्या काळात परराष्ट्र व्यवहार त्यांच्या हाती होता. भारत आणि निजाम यांच्यातल्या २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतरही तो दिल्लीकडेच राहिला. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली, ती हाच निकष आपल्या बाजूनं वळवण्यासाठी. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरची कसोटी लावली तर चित्र आणखी कच्चं दिसतं. वेबर म्हणतो, ठरावीक भूभागात बळाच्या वैध वापराची मक्तेदारी ज्याच्याकडे, ती राज्यसंस्था. इथे गावोगाव रझाकारांची, म्हणजे निजामसमर्थक स्वयंसेवकांची, खाजगी सशस्त्र फौज फिरत होती आणि तेलंगणाच्या बऱ्याच भागात सशस्त्र शेतकरी लढा चालू होता. मक्तेदारी कागदावर होती. सप्टेंबर १९४८ मध्ये ती मक्तेदारी दिल्लीकडे गेली. राज्यसंस्थेच्या पातळीवरचा बदल तो.

राजवट मात्र टप्प्याटप्प्यानं बदलली. निजामाचे पंतप्रधान लायक अली यांचं मंत्रिमंडळ गेलं आणि जनरल जयंतनाथ चौधुरींचा लष्करी अंमल आला, म्हणजे लोकशाही अजून नव्हतीच. १९५० मध्ये मुख्यमंत्री झाले ते एम. के. वेलोडी, एक सनदी अधिकारी, निवडून न आलेले. प्रौढ मताधिकारानं निवडलेलं सरकार आलं १९५२ मध्ये, बुर्गुल रामकृष्ण राव यांचं. आणि या सगळ्या काळात निजाम मीर उस्मान अली खान कुठे होते? १९५० पासून १९५६ पर्यंत राजप्रमुख, म्हणजे राज्याचे घटनात्मक प्रमुख, म्हणून हैदराबादेतच. प्रमुख व्यक्ती तीच राहूनही राजवट पार बदलू शकते, याला यापेक्षा चांगला दाखला शोधून सापडणार नाही. १९५६ मध्ये मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, तेव्हा तर घटकराज्याची हद्द तेवढी बदलली.

‘राजा असेल तर लोकशाही नाही, निवडणूक असेल तर आहे’

दोन्ही चूक. नॉर्वे, जपान, ब्रिटन इथे सिंहासन आहे आणि लोकशाहीही. उत्तर कोरिया नावानं प्रजासत्ताक आहे. मेक्सिकोत एकाच पक्षाची सत्ता १९२९ पासून २००० पर्यंत टिकली आणि निवडणुका मात्र वेळच्या वेळी होत राहिल्या. म्हणून अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांचे दोन प्रश्न विचारा : भाग कोणाकोणाला घेता येतो आणि सत्ताधारी हरू शकतात का? पहिल्याचं उत्तर ‘सगळ्यांना’ आणि दुसऱ्याचं ‘हरू शकतात, पण सामना त्यांच्याच बाजूनं झुकलेला’ असं आलं, तर ‘स्पर्धात्मक अधिकारशाही’सारख्या संमिश्र प्रकाराकडे वळा. तिला सर्वंकष राजवट म्हणू नका. त्यासाठी एकच विचारसरणी आणि समाजाचा कोपरान् कोपरा ताब्यात घेणारा पक्ष लागतो.

कडक राजवट म्हणजे बळकट राज्यसंस्था, असंही लिहू नका. लोकांना तुरुंगात टाकणं सोपं असतं. प्रत्येक गावातून कर गोळा करणं आणि प्रत्येक जन्माची नोंद ठेवणं अवघड.

नागरिकत्वाचे घोटाळे

‘माझ्याकडे डोमिसाईल आहे, म्हणजे मी महाराष्ट्राचा नागरिक.’ असं काही नसतं. भारतात नागरिकत्व एकेरी आहे. तहसीलमधून मिळणाऱ्या दाखल्यावर वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास एकत्र छापलेलं असतं, तिथूनच हा गोंधळ सुरू होतो. अधिवास म्हणजे वास्तव्य. महाराष्ट्रात त्यासाठी साधारण १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. निजामाच्या काळातला मुल्की-गैरमुल्की (संस्थानातले आणि बाहेरचे) हा भेदही मुख्यतः नोकरीसाठीच्या रहिवासाचाच होता. मुल्की माणूस निजामाची प्रजा होता. कायदा फर्मानानं यायचा आणि तो बदलायला प्रजेच्या हाती मत नव्हतं.

आधार कार्डही पुरावा नाही. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच म्हटलंय की, हा क्रमांक नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा ठरत नाही.

मराठवाड्यातली माणसं भारताची नागरिक कधी झाली? १७ सप्टेंबर हे उत्तर इथेही चुकतं. संविधानाची कलमं ५ ते ९ इतर बऱ्याच कलमांच्या आधी, २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली. भारतात अधिवास असलेला आणि भारताच्या भूभागात जन्मलेला माणूस कलम ५ नुसार नागरिक ठरला. त्यानंतरच्यांसाठी १९५५ चा कायदा. ‘भारतात जन्मला की नागरिक’ हे सरसकट लिहू नका, जन्मतारीख बघा. १ जुलै १९८७ पूर्वी जन्म पुरेसा होता. त्या तारखेपासून आईवडिलांपैकी एक नागरिक असणं आवश्यक झालं. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, अशी अट आहे.

शेवटची चूक ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ टी. एच. मार्शलबाबतची. नागरी, मग राजकीय, मग सामाजिक हक्क हा क्रम त्यानं इंग्लंडवरून काढला. तो भारतावर जसाच्या तसा चिकटवू नका. इथे नागरी आणि राजकीय हक्क टप्प्याटप्प्यानं नव्हे, एकदमच आले. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना संघीय निवडणुकीत मत मिळालं १९७१ मध्ये. परभणी-बीडच्या निरक्षर शेतमजूर बाईनं पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मत टाकलं, तेव्हा तिच्या गावात शाळा असेलच असं नव्हतं.