आयरिश कुटुंब समुद्रापार कसं गेलं, ते कसं शोधावं

नातीच्या बारशाआधी मी हौसेने वंशावळ काढायला घेतली. आमची बाजू झरझर मागे गेली, कारण त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपडीत आजोबा-पणजोबांच्या नोंदी होत्या. सुनेची बाजू मात्र पणजीपाशी अडली. सून जन्माने अमेरिकन, पणजी आयर्लंडहून आलेली, आणि त्या पणजीबद्दल घरात एकच वाक्य शिल्लक होतं : "ती कॉर्कची."

या एका वाक्यापायी माझे चार महिने वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख. घरात आयरिश सून, जावई किंवा व्याही असतील तर उपयोगी पडेल. नसतील तरी एका देशाची निम्मी माणसं कुठे पांगली हे कसं शोधतात, ते वाचायला हरकत नाही.

पहिली पायरी : म्हाताऱ्या माणसांपाशी बसा

कागद कुठे पळून जात नाहीत. नव्वदीची मावशी मात्र पुढच्या नाताळला असेलच असं नाही. आमच्या विहीणबाईंची मावशी म्हणजे त्या पणजीची धाकटी लेक. फोनवर रेकॉर्डिंग लावून मी तिच्यासमोर बसलो आणि पहिलाच प्रश्न चुकीचा विचारला : "तुमची आई अमेरिकेत कोणत्या साली आली?" तिने सांगितलेलं साल पुढे साफ चूक ठरलं. साल कुणाला आठवत नाही. माणसं, पैसे, भांडणं आणि जेवण आठवतं.

म्हणून प्रश्न असे विचारा. तिकिटाचे पैसे कुणी पाठवले? बोटीतून उतरल्यावर पहिली रात्र कुणाच्या घरी काढली? गावाकडून पत्र कुणाचं यायचं, आणि ते कोण वाचून दाखवायचं? नाताळला पैसे कुणाला जायचे? आयरिश स्थलांतर साखळीने झालं. एक बहीण जायची, कुणाच्या तरी घरी मोलकरीण म्हणून राबायची, साठवलेल्या पैशांतून पुढच्या भावंडाचं तिकीट पाठवायची. त्यामुळे 'तिकीट कुणाचं' या प्रश्नाच्या उत्तरात बहुतेक वेळा आधी गेलेली आत्या, मावशी किंवा मामा सापडतो, आणि त्याचे कागद तुमच्या माणसापेक्षा बरे असू शकतात.

निघण्याच्या आदल्या रात्री घरी 'अमेरिकन वेक' व्हायचा. वेक म्हणजे मयताच्या घरचं रात्रभराचं जागरण. जाणारं माणूस पुन्हा दिसणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं, म्हणून जिवंत माणसाचं जागरण. त्यात नाच-गाणी आणि पहाटे रडारड. मावशीला आईने त्या रात्रीचं सांगितलेलं बरंच आठवत होतं, त्यातच तिला दारापर्यंत सोडायला आलेल्या भावाचं नाव निघालं. ते नाव पुढे कामाला आलं.

सांगणाऱ्याला मध्येच दुरुस्त करू नका. शब्द आहेत तसे उतरवा. मग कपाट उघडायला सांगा : प्रार्थनापुस्तकात ठेवलेली मृत्यूची स्मरणकार्डं, जुनी पाकिटं, फोटोच्या पाठीमागची अक्षरं. पाकिटावरचा टपालाचा शिक्का फेकू नका, तो पुराव्यातला पुरावा.

दुसरी पायरी : इकडचे कागद आधी संपवा

बहुतेक लोक इथे घाई करतात आणि थेट डब्लिनच्या वेबसाइटवर उडी मारतात. मीही मारली. कॉर्क परगण्यात त्या नावाच्या इतक्या मुली निघाल्या की मी हात टेकले. आयर्लंडमध्ये शोधायचं तर नाव पुरत नाही, वाडी लागते. आणि वाडीचं नाव बहुधा समुद्राच्या अलीकडच्या, म्हणजे माणूस जिथे पोचला तिथल्या कागदात दडलेलं असतं.

अमेरिकेत गेलेल्यांसाठी हा क्रम ठेवा. चर्चमधली लग्नाची नोंद, मृत्यूचा दाखला, वर्तमानपत्रातली निधनवार्ता, थडग्यावरचा मजकूर. आयरिश लोकांना दगडावर आपला परगणा कोरायची हौस होती. १९०० पासून १९३० पर्यंतच्या अमेरिकन जनगणनांत देशात आल्याचं साल विचारलेलं आहे. नागरिकत्वाचे कागद सप्टेंबर १९०६ नंतरचे असतील तर भरगच्च असतात. त्याआधीच्यांत बरेचदा 'ग्रेट ब्रिटनच्या राणीशी निष्ठा सोडली' यापलीकडे काही नसतं.

आता जहाजाच्या याद्या. अमेरिकेत उतरणाऱ्यांच्या याद्या १८२० पासून आहेत, पण जुन्यांत फक्त नाव, वय, धंदा आणि 'आयर्लंड'. १९०७ पासून मात्र एक रकाना वाढला : मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता. माझं कुलूप इथेच उघडलं. पणजी १९०९ साली क्वीन्सटाउनहून बोटीत चढलेली, आणि त्या रकान्यात लिहिलेलं : आई, मेयो परगणा, आणि एका वाडीचं वेडंवाकडं नाव. मेयो पश्चिमेला, कॉर्क पार दक्षिणेला. क्वीन्सटाउन हे कॉर्कचं बंदर. १८४९ साली व्हिक्टोरिया राणी येऊन गेली तेव्हा गावाला ते नाव दिलं होतं, १९२० मध्ये ते पुन्हा कोव झालं. पणजी कॉर्कची नव्हती, कॉर्कहून निघालेली होती. मुंबईहून विमान पकडणारा प्रत्येक जण मुंबईकर नसतो, एवढं माझ्या लक्षात यायला चार महिने लागले.

'बेटावरच्या साहेबाने आमचं आडनाव बदललं' ही कथा जवळजवळ प्रत्येक घरात ऐकाल. हे बेट म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं एलिस बेट, बोटीने आलेल्यांची तपासणी तिथे व्हायची. तिथले कारकून नावं लिहीत नव्हते. यादी निघण्याच्या बंदरावरच भरलेली असायची, ते ती ताडून पाहत. नाव बदललं असेल तर बहुधा माणसाने स्वतः, पुढे नोकरीसाठी.

१९०७ च्या आधी आलेल्यांसाठी वेगळ्या वाटा आहेत. बॉस्टनच्या 'पायलट' या वर्तमानपत्रात १८३१ ते १९२१ या काळात 'हरवलेले मित्र' अशा जाहिराती येत : अमुक परगण्यातल्या तमुक वाडीचा माझा भाऊ, शेवटचा ठावठिकाणा कालव्याच्या कामावर. त्यांची यादी आता ऑनलाइन शोधता येते. न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेत १८५० पासून खातेदाराची ओळख पटावी म्हणून त्याचं जन्मगाव आणि आई-बाप-भावंडं लिहून घेत. सही न येणाऱ्या माणसाला दुसरं काय विचारणार? ऑस्ट्रेलियाला १८४८ ते १८५० या काळात आयर्लंडच्या वर्कहाउसांतून, म्हणजे निराधारांना राबवून घेणाऱ्या आश्रयगृहांतून, चार हजारांवर अनाथ मुली धाडल्या गेल्या, त्यांच्या याद्यांतही जन्मगाव मिळतं.

तिसरी पायरी : घरातली गोड गोष्ट तपासा

१ जानेवारी १८९२ ला एलिस बेट उघडलं, तेव्हा पहिली उतरली कॉर्कची ॲनी मूर. सोबत दोन धाकटे भाऊ. तिचे पुतळे कोवच्या धक्क्यावरही आहेत आणि एलिस बेटावरही. पुढे ती टेक्सासला गेली आणि तिथे अपघातात वारली, अशी कथा कित्येक वर्षं सगळे सांगत होते. २००६ मध्ये कागद नीट पाहिल्यावर कळलं की टेक्सासची ॲनी मूर इलिनॉयमध्येच जन्मलेली होती. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कुठेच गेली नव्हती. १९२४ मध्ये तिथेच वारली, क्वीन्समधल्या कॅल्व्हरी स्मशानात तिला पुरलं. टेक्सासवाल्या कुटुंबाने खोटं सांगितलं नव्हतं. नाव जुळलं आणि गोष्ट चिकटली, एवढंच. ज्या दोन नोंदी तुम्हाला फार जुळाव्याशा वाटतात, त्यांच्यात नावाखेरीज आणखी दोन गोष्टी जुळतात का ते पाहा : आईचं माहेरचं आडनाव, भावंडांचा क्रम, वाडी.

चौथी पायरी : वाडी पक्की करा

आयर्लंडची जमीन साठ हजारांहून जास्त टाऊनलँडमध्ये वाटलेली आहे. टाऊनलँड म्हणजे आपली वाडीच म्हणा. कधी दहा घरं, कधी दोन. त्यावर पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून पडलेला विभाग, मग त्याहून मोठी बॅरनी, मग काउंटी, म्हणजे परगणा. नाव आयरिश भाषेतलं आणि ते लिहिणारा कारकून इंग्रजी कानाचा, त्यामुळे स्पेलिंगवर जाऊ नका, मोठ्याने वाचून पाहा. 'लॉगेन्म' या सरकारी स्थळनाम संकेतस्थळावर वाडीची दोन्ही भाषांतली रूपं मिळतात. एकाच नावाच्या डझनभर वाड्या निघतील. परगणा आणि पॅरिश जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

पाचवी पायरी : आता ओलांडा समुद्र

आयर्लंडच्या नोंदींबद्दल एक दुःख आधीच सांगून ठेवतो. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातला दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत गेला. १८२१ ते १८५१ च्या जनगणना बहुतेक त्यात जळाल्या. १८६१ ते १८९१ च्या तर त्याआधी सरकारनेच नष्ट केल्या होत्या. म्हणून १९२२ च्या आधीच्या पूर्ण अशा जनगणना दोनच, १९०१ आणि १९११. दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट, मूळ फॉर्मच्या चित्रासकट.

चित्र उघडाच, नुसत्या टाइप केलेल्या यादीवर थांबू नका. आमच्या वाडीतल्या घराचा १९११ चा फॉर्म : खाली बापाच्या सहीच्या जागी फुली. वाचता येत नाही, भाषा आयरिश आणि इंग्रजी. त्या वर्षी विवाहित बाईला विचारलं होतं, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली, किती हयात. आईच्या पुढे : जन्मली नऊ, हयात आठ. घरात त्या रात्री दोन. म्हणजे सहा जण बाहेर. पणजी त्यातली एक, उरलेली पाच कुठे? त्या दोन आकड्यांकडे मी बराच वेळ बघत बसलो. घरात उरलेल्या दोघांत तो दारापर्यंत आलेला भाऊ होता. घराच्या वेगळ्या फॉर्मवर भिंती, छप्पर गवताचं की स्लेटचं, खोल्या किती, पुढच्या बाजूला खिडक्या किती, तेही मिळालं.

वयावर मात्र विश्वास ठेवू नका. १९०१ ते १९११ या दहा वर्षांत म्हातारी माणसं पंधरा-पंधरा वर्षांनी वाढलेली दिसतील. कारण १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झाली. दाखला नसेल तर ६ जानेवारी १८३९ च्या 'मोठ्या वाऱ्याच्या रात्रीची' आठवण सांगून लोक वय पटवून देत. तरुणींचं उलटं, आमच्या पणजीचं वय अमेरिकेत दहा वर्षांत सातनेच वाढलं.

जन्म, मृत्यू आणि सगळ्या लग्नांची सरकारी नोंद १८६४ पासून. 'आयरिश जीनिऑलॉजी' या सरकारी संकेतस्थळावर शंभर वर्षांपूर्वीचे जन्म आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लग्नं फुकट पाहता येतात. त्यामागे जायचं तर राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेल्या कॅथलिक पॅरिशच्या वह्या, साधारण १८८० पर्यंतच्या. शाई पुसट, भाषा बरेचदा लॅटिन : जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस. बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारखेच्या आधीची दिसली तर दचकू नका. उशिरा नोंदवल्याचा दंड चुकवायला लोक सरकारी वहीत जन्म पुढे ढकलत. नावांचंही तसंच. ब्रिजेट ही घरात ब्रायडी, अमेरिकेत डेलिया. आडनावाआधीचे ओ आणि मॅक कधी लागतात, कधी गळतात.

सहावी पायरी : त्यांचा सातबारा

१८४५ ते १८५२ च्या दुष्काळात बटाट्यावर करपा पडला, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तेवढीच किंवा जास्त देश सोडून गेली. त्या काळची जनगणना नसल्याने आधार उरतो तो करासाठी झालेल्या जमीन-घरांच्या आकारणीचा, म्हणजे ग्रिफिथच्या मूल्यांकनाचा, १८४७ ते १८६४. वाडीवार कुळाचं नाव, जमीनदाराचं नाव, क्षेत्र, आकार. एका वाडीत एकाच नावाची दोन कुळं असली की कंसात बापाचं नाव. आपल्याला हे नवीन नाही. त्यानंतरच्या वह्यांत तर चक्क फेरफार आहेत : जुनं नाव रंगीत शाईने खोडून नवं लिहिलेलं, शेजारी साल. ज्या साली बापाचं नाव खोडून मुलाचं आलं, त्याच्या आसपास मृत्यू शोधा. परकं नाव आलं तर जहाज शोधा.

सातवी पायरी : कागद घेऊन परत जा

वाडी मिळाली की त्या भागातल्या शाळेतल्या मुलांनी १९३७ ते १९३९ मध्ये आजी-आजोबांकडून ऐकून लिहिलेल्या वह्या वाचा. सुमारे पन्नास हजार मुलांनी लिहिलेल्या त्या वह्या 'डूखस' संकेतस्थळावर आहेत. दुष्काळ, वर्कहाउस, गेलेली घरं, सगळं त्यांत आहे.

आणि मग पहिल्या पायरीवरच्या माणसाकडे परत. मी १९११ चा फॉर्म मोठा छापून मावशीला दाखवला. तिने आधी बापाच्या फुलीवर बोट ठेवलं, मग आईच्या रकान्यातला आठ वाचला. "आठ नव्हे, सात," ती म्हणाली. "एक लिव्हरपूलला गेली आणि तिचं पत्रच आलं नाही. आजीने तिला हयात लिहिलं असणार." आता मी १९११ ची इंग्लंडची जनगणना उघडून बसलो आहे.