शिक्षक-बालसाहित्यिकाचे चरित्र कसे लिहावे : सीमाभागातील अभ्यासकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात शिकवता शिकवता मुलांसाठी लिहू लागलेल्या एखाद्या गुरुजींचे किंवा बाईंचे चरित्र लिहायचे असेल, तर सुरुवात त्यांच्या वर्गापासून करावी. पुरस्कारांची यादी परिशिष्टात गेली तरी चालते. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिकवले आणि ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, म्हणजे ऐकणारी मुले आधी भेटली, पुस्तक नंतर आले. आपल्या लेखकाला ही मुले कुठे भेटली, हे आधी शोधावे.

त्यासाठी वहीत दोन रकाने आखून एकात नोकरीचे गाव, शाळा व इयत्ता आणि दुसऱ्यात त्याच काळातले लेखन सालवार मांडावे. नोकरीचा तपशील सेवापुस्तिकेत असतो. कुटुंबीयांच्या संमतीने ती पाहावी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यातच राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हणून त्याआधी चंदगडला नोकरी केलेल्या शिक्षकाच्या कागदांसाठी दोन्ही जिल्ह्यांत चौकशी करावी, आणि बेळगावकडच्या नंतरच्या दप्तरासाठी कन्नड सफाईने वाचणारे कोणीतरी सोबत न्यावे.

हस्तलिखिते मिळाली तर घाई करू नये. खानापूर तालुक्यातल्या एका दिवंगत गुरुजींच्या वहीत मी ‘खुरपणी’ हा शब्द खोडून वर ‘भांगलण’ लिहिलेले पाहिले. समासात पेन्सिलीने ‘चौथीला कळेना’ एवढीच नोंद होती. भाताच्या शिवारात वाढलेल्या मुलांच्या तोंडी कोणता शब्द आहे, हे त्यांनी वर्गात वाचून दाखवतानाच हेरले होते. अशी प्रत्येक खाडाखोड उतरवून घ्यावी आणि छापील पाठाशी ताडून पाहावी.

माजी विद्यार्थ्यांना ‘गुरुजी कसे होते?’ असे विचारल्यास ‘देवमाणूस’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी कोणती गोष्ट, कोणत्या झाडाखाली किंवा कोणत्या खोलीत ऐकली आणि पुढे पुस्तकात ती कशी बदलली, हे विचारावे. त्यांच्या बोलण्यात कन्नड शब्द आले तर ते तसेच ठेवून अर्थ तळटीपेत द्यावा.