गो लँग्वेजमध्ये नाव पॅकेजबाहेर कसं न्यायचं, आणि 'वजन' चालतं तर 'भाव' का नाही

जावावरून गो कडे आलेला माणूस पहिल्या दिवशी पब्लिक आणि प्रायव्हेट हे शब्द शोधत बसतो, मी पण बसलो होतो. ते शब्दच नाहीयेत. नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर बाहेरच्या पॅकेजला (पॅकेज म्हणजे एका फोल्डरमधल्या गो फाइल्सचा गट) दिसतं, नसेल तर नाही, विषय संपला.

करूनच बघा. नवीन फोल्डरमध्ये गो मॉड इनिट (नवा प्रोजेक्ट सुरू करायची कमांड) चालवा, आत शॉप नावाचं पॅकेज करा, त्यात गेटरेट फंक्शन लिहा आणि सुरुवातीचा जी स्मॉल ठेवा. आता मेन मधून शॉप डॉट गेटरेट बोलवा, बिल्ड तिथेच अडेल. जी कॅपिटल करा, दोन्हीकडे हं, लगेच चालेल. पण शॉपच्याच दुसऱ्या फाइलला स्मॉल जी वालं पण दिसतं, कारण भिंत पॅकेजला आहे, फाइलला नाही.

खरी गंमत स्ट्रक्टमध्ये, म्हणजे अनेक फील्ड एकत्र बांधणाऱ्या टाइपमध्ये. टाइप कॅपिटल ठेवला आणि फील्ड सगळी स्मॉल, तर कंपायलर हूं की चूं करत नाही, आणि जेसन (डेटा मजकुराच्या रूपात लिहायची पद्धत) काढलं की नुसता रिकामा महिरपी कंस. मी यात अख्खी दुपार घालवलीये, डेटाबेसला शिव्या देत. अहो जेसनचं पॅकेज पण आपल्याला बाहेरचंच, त्याला स्मॉल फील्ड दिसणार कशी? फील्ड कॅपिटल करा, आउटपुटमध्ये नाव स्मॉल हवं असेल तर फील्डपुढे टॅग, म्हणजे ते नाव सांगणारी चिठ्ठी, लावा. टॅग लावून फील्ड स्मॉलच ठेवलं तर गो वेट (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारी कमांड) चालवल्यावर सांगतं, म्हणून ते चालवत जा.

आता मराठी नावं. सोर्स यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे सगळ्या लिपी मावणाऱ्या पद्धतीत, असतो त्यामुळे 'वजन' नावाचं व्हेरिएबल खुशाल चालतं, फक्त देवनागरीत कॅपिटल हा प्रकारच नाही, म्हणून ते पॅकेजबाहेर जात नाही. न्यायचंच असेल तर पुढे इंग्रजी कॅपिटल एक्स चिकटवा, दिसायला भयंकर पण चालतं. 'भाव' मात्र पॅकेजच्या आत पण चालत नाही! गो ला नावात फक्त अक्षरं, आकडे नी अंडरस्कोर लागतात आणि युनिकोडच्या (जगभरातल्या लिपीचिन्हांची ठरलेली यादी) हिशोबात काना हे अक्षर नाही, जोडचिन्ह आहे. वेलांटी, मात्रा, हलन्त सगळ्यांची तीच गत, जोडाक्षरात हलन्त असतोच, म्हणजे 'रक्कम' पण बाद. उरले पहिलीच्या पुस्तकातले बिनकाना-मात्रेचे शब्द, दर, वजन असले. रक्त सुद्धा चालत नाही, त्यात जोडाक्षर आहे.